भोक सरळ का जात नाही?

छोटे लाकडी लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायची यंत्रं, घरपोच मिळायला लागल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलला आहे. पूर्वी दारं फुगल्याच्या तक्रारी यायच्या, आता टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या उजव्या टोकाच्या सरकत्या आधाराच्या येतात. या महिन्यातली बरीच पत्रं एकाच जागी अडलेली आहेत, ती म्हणजे लेथवर भोक पाडणं. म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे. माझी नोकरी भोसरीच्या टूलरूममध्ये झाली, त्यामुळे बोलण्यात लोखंडकामाचा लेथ मधूनमधून डोकावेल. तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न: बँकेतून निवृत्त झाल्यावर हौस म्हणून छोटा लेथ घेतला. पेन्सिली ठेवायचं भांडं करायचं म्हणून सागवानाच्या ठोकळ्यात एक इंची भोक पाडायला गेलो. भोक तोंडाशी सैल झालं, आत तिरकं गेल्यासारखं वाटतं. मध्येच धूर येतो. आणि काल तर टेलस्टॉकमधला ड्रिल चक, म्हणजे ड्रिल धरणारी पकडच, लाकडाबरोबर फिरायला लागला. लेथमध्ये दोष आहे की माझ्यात? हातातल्या ड्रिलनेच पाडलेलं बरं, असं वाटू लागलं आहे. (एक वाचक, वारजे)

उत्तर: हातातल्या ड्रिलकडे परत जाऊ नका. सरळ भोकासाठी तुमच्या घरात आता लेथइतकं चांगलं दुसरं साधन नाही.

हातातल्या ड्रिलमध्ये लाकूड स्थिर असतं आणि ड्रिल फिरतं. लाकडातल्या एखाद्या कठीण रेषेने त्याला बाजूला ढकललं की ते त्याच बाजूला सरकत राहतं, त्याला परत आणणारं काही नसतं. लेथवर ड्रिल स्थिर आणि लाकूड फिरतं. मघाशी ड्रिलला डावीकडे ढकलणारी ती रेष अर्ध्या फेऱ्यानंतर पलीकडे गेलेली असते आणि उजवीकडे ढकलते. ढकलाढकलीची वजाबाकी होते आणि भोक आसाजवळच राहतं. अट एकच, ड्रिलची सुरुवात आसावर झालेली हवी. सुरुवात बाजूला झाली तर स्थिर ड्रिल फिरत्या लाकडात गोल पोखरत जातं आणि भोक मोठं होतं. तोंडाशी सैल म्हणता ते हेच. पहिल्या पाच मिलिमीटरांत जे घडतं तेच भोकाचं नशीब, पुढे फक्त भुसा काढायचा असतो.

जॉब, म्हणजे कातायचं लाकूड, कसा धरला होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लाटणं किंवा पलंगाचा खूर कातताना लाकूड दोन सेंटरांच्या, म्हणजे दोन्ही टोकांना रुतलेल्या अणींच्या, मध्ये असतं. भोक पाडताना टेलस्टॉकची जागा ड्रिल घेतं, म्हणजे जॉब एकट्या हेडस्टॉकने, म्हणजे लेथच्या डावीकडच्या फिरवणाऱ्या भागाने, सांभाळायचा. दातेरी सेंटरला ते झेपत नाही. चार जबड्यांचा चक हवा, किंवा फेसप्लेटवर (हेडस्टॉकला बसणाऱ्या सपाट तबकडीवर) स्क्रूने आवळलेला टाकाऊ ठोकळा आणि त्यावर सरसाने पक्का चिकटवलेला जॉब. चक असेल तर आधी दोन सेंटरांत लाकूड गोल करून घ्या, एका टोकाला जबड्यांना साजेसं आखूड कुसू काढा, त्याचा खांदा जबड्यांच्या तोंडाला सपाट टेकेल असं बघा आणि मग आवळा. ओबडधोबड चौकोनी ठोकळा तसाच धरलात तर तो ड्रिलच्या दाबाने हळूहळू कलतो, आणि मग मात्र भोक खरोखर तिरकं जातं. तुमच्या बाबतीत हेही झालेलं असू शकतं.

आता लेथ तपासा. हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर बसवा, टेलस्टॉकमध्येही बसवा आणि टेलस्टॉक पुढे आणून दोन्ही टोकं भिडवा. टोकाला टोक लागलं पाहिजे, वरून बघा आणि बाजूनेही बघा. टेलस्टॉकची हातचाकाने सरकणारी नळी आत असताना एकदा आणि बाहेर काढून एकदा. स्वस्त लेथमध्ये टेलस्टॉकला बेडवर (लेथच्या आडव्या पायावर) आडवी थोडी ढिलाई असते, आवळताना तो कधी इकडे बसतो, कधी तिकडे. त्यावर उपाय फुकटचा आहे. आवळण्याआधी टेलस्टॉक दर वेळी हाताने आपल्याकडे दाबून धरायचा आणि मगच खटका ओढायचा. टोकं तरीही जुळत नसतील तर हेडस्टॉकचे बोल्ट ढिले करून तो किंचित फिरवता येतो का बघा, काही लेथमध्ये तेवढी सोय असते. उंचीत फरक असेल तर जो ठेंगणा असेल त्याच्याखाली पातळ पत्र्याची पट्टी घालावी लागते.

टोकं जुळली आणि तरी भोक मोठं पडलं, तर ड्रिल वाकलेलं आहे किंवा चकमध्ये सरळ बसलेलं नाही. फिरणारं ड्रिल वाकडं असलं तर डोळ्यांना थरथर दिसते. इथे ते स्थिर आहे, त्यामुळे काहीच दिसत नाही. चक टेपरमधून (त्याचा निमुळता दांडा बसतो त्या भोकातून) काढा, पाव फेरा फिरवून पुन्हा बसवा, आणि ड्रिलचं टोक हेडस्टॉकच्या सेंटरला पुन्हा भिडवून बघा. कुठल्या तरी एका स्थितीत चूक सगळ्यात कमी असते. चकवर तिथे मार्करने खूण करून ठेवा.

सुरुवात करताना लाकडाचं तोंड सपाट करा, मध्यभागी अगदी किंचित खोलगट. बऱ्याचदा मध्ये बारीक शेंडी उरते. तिच्यावर ड्रिल टेकवलं की ते घसरणारच. तिरप्या पटाशीच्या अणीने फिरत्या लाकडाच्या बरोबर मध्ये छोटी खळी पाडा. त्याहून चांगलं म्हणजे लोखंडी कामाचं सेंटर ड्रिल घ्या. आखूड, जाड, दोन्ही टोकांना धार असलेलं हे ड्रिल वाकत नाही, म्हणून ते मध्य सोडत नाही. लाकूडकाम करणारे याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, पण माझ्या लेथशेजारच्या डबीत सगळ्यात वर तेच असतं. खळी झाली की मोठं ड्रिल लावा आणि पहिले पाच मिलिमीटर अगदी सावकाश जा.

धुराची कारणं तीन आणि तिन्ही एकदम हजर असतात: वेग जास्त, धार बोथट, भुसा अडकलेला. एक इंच म्हणजे 25 मिलिमीटरच्या ड्रिलची कड मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर सुमारे 118 मीटर लाकूड घासते. पाचशे फेऱ्यांवर तेच 39 मीटर होतं. दहा मिलिमीटरपर्यंतच्या ड्रिलला हजार ते पंधराशे फेरे ठीक आहेत. एक इंचाला पाचशेच्या आसपास आणि दीड इंचाच्या पुढे तीनशे-चारशे. तुमच्या लेथचा सर्वांत कमी वेग साडेसातशे असेल, तर दीड इंचाच्या ड्रिलचा नाद सोडा.

तुम्ही एक इंची म्हणता ते बहुधा फोर्स्टनर ड्रिल असणार. बेंजामिन फोर्स्टनर या अमेरिकी बंदूक-कारागिराने 1874 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पिळाचं ड्रिल मधल्या टोकाच्या भरवशावर चालतं, फोर्स्टनर आपल्या गोल कडेच्या आधाराने चालतं, म्हणून भोकाच्या भिंती गुळगुळीत आणि तळ सपाट येतो. पण भुसा वर आणणारा पीळ त्याला नाही. डोकं लाकडात बुडालं की भुसा त्याच्या पाठीमागे तपकिरीच्या डबीत ठासावा तसा ठासला जातो. दर आठ-दहा मिलिमीटरला ड्रिल पूर्ण बाहेर काढा आणि ब्रशने साफ करा. फुंकर मारू नका, सगळा भुसा डोळ्यांत येतो. फिरत्या भोकात बोट तर कधीच घालायचं नाही. साध्या कार्बन पोलादाच्या ड्रिलची धार निळी पडली असेल तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं असं समजा. नव्याने लावली तरी ती लगेच पुन्हा बोथट होईल.

चक फिरला, त्याकडे मात्र गंभीरपणे बघा. चकचा दांडा टेलस्टॉकमध्ये आट्यांनी बसत नाही, नुसत्या निमुळत्या टेपरच्या घर्षणाने बसतो. स्टीफन मोर्सने 1863 मध्ये पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं, हा टेपरही त्याच्याच नावाने ओळखला जातो. वीस मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर एवढाच त्याचा उतार, आणि पुढून दाब आला की तो जास्त घट्ट बसतो. म्हणजे ड्रिल आत जाताना टेपर आवळला जातो आणि बाहेर ओढताना ढिला होतो. भुसा ठासलेलं ड्रिल जोरात मागे ओढलंत की चक टेपरमधून सुटून जॉबबरोबर गरागरा फिरतो. असं झालं की हात लावायचा नाही, आधी स्विच बंद. मग टेपरचा दांडा आणि टेलस्टॉकची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल नको, भुशाचा कण तर नकोच. चक हाताने झटका देऊन बसवा, हातोडीने नको. दांड्यावर चरे उठले असतील तर बारीक पॉलिश पेपरने फक्त उठलेली कड घालवा. पुढच्या वेळेपासून ड्रिल मागे घेताना हातचाकच फिरवा आणि डावा हात चकच्या गुळगुळीत भागावर ठेवा. अडकल्यासारखं वाटलं की मोटर बंद.

आणखी एक गोष्ट, जी लेथबरोबरच्या चोपड्यात सहसा धड लिहिलेली नसते. बऱ्याच लेथमध्ये टेलस्टॉकची नळी पूर्ण मागे घेतली की आतला स्क्रू टेपरला मागून ढकलून बाहेर काढतो. टेपर काढायची सोयच ती आहे. नवशिका माणूस भोक पाडायला जास्तीत जास्त लांबी मिळावी म्हणून नळी पार आत घेतो आणि टेपर स्वतःच्या हाताने सैल करून ठेवतो. नळी दीड-दोन सेंटिमीटर बाहेर ठेवूनच सुरुवात करा.

छोट्या लेथची नळी पाच-सहा सेंटिमीटरच सरकते. त्यापेक्षा खोल जायचं असेल तर मोटर थांबवा, नळी मागे घ्या, टेलस्टॉक ढिला करून ड्रिलचं टोक भोकाच्या तळाला टेकेपर्यंत पुढे आणा, आपल्याकडे दाबून आवळा आणि पुन्हा सुरू करा. मोटर चालू ठेवून टेलस्टॉक सरकवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या हातांकडेही पाहिलं आहे.

तुमच्या भांड्यासाठी साठ मिलिमीटरचं महागडं ड्रिल आणायची गरज नाही. एक इंची भोक हव्या त्या खोलीपर्यंत पाडा आणि बाकीचं स्क्रेपरने आतून कातून काढा. खोली ड्रिलने ठरलेली असल्यामुळे तळाला भसका पडायची भीती नाही. फोर्स्टनरचा दांडा आखूड असतो, सगळं मिळून जेमतेम साडेतीन इंच. उंच भांड्याला मध्ये जोडदांडा लागेल. आणि लेथबरोबर पंचवीस ड्रिलचा संच विकायला निघालेल्या दुकानदाराला नमस्कार करा. पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन 13 मिलिमीटरपर्यंत धरणारा एक चांगला ड्रिल चक, एक सेंटर ड्रिल, आठ आणि दहा मिलिमीटरचं लाकडासाठीचं टोकदार ड्रिल आणि एक इंची फोर्स्टनर एवढंच घ्या. सुताच्या भाषेत मागायचं असेल तर लक्षात ठेवा, आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुताचं ड्रिल म्हणजे 12.7 मिलिमीटर, ते या चकमध्ये बसतं.

सागवान नवं आहे की पाडलेल्या वाड्याचं? वाड्याचं सागवान पुण्यात अजून मिळतं आणि कातायला देखणं असतं, पण त्याच्या पोटात खिळे असतात. भोक पाडण्याआधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. आंब्याच्या लाकडाच्या हिशेबाने चाललात तर फसाल. त्याचा बारीक भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो, तेव्हा मास्क हवाच. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, हातात मोजे नाहीत, बाह्या दुमडलेल्या, आणि स्विच लावण्याआधी जॉब हाताने एक फेरा फिरवून बघायचा. यावर मी वाद घालत नाही.

प्रश्न: मी लाकडी पेनं करते. 7 मिलिमीटरच्या पितळी नळीसाठी भोक पाडताना दुसऱ्या बाजूने ड्रिल बाहेर येतं तेव्हा लाकडाची कपची उडते. यजमान म्हणतात आधी तीनचं पाड, मग सातचं. ते एका कारखान्यात फिटर आहेत. (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर: ताई, लोखंडापुरतं यजमानांचं बरोबर आहे. पिळाच्या ड्रिलच्या टोकाशी मध्ये जी आडवी कड असते ती कापत नाही, नुसती रेटते, म्हणून लोखंडात आधी बारीक भोक पाडून तिला वाट करून देतात. लाकूड मऊ आहे, सात मिलिमीटरला त्याची गरज नाही. शिवाय तुमचं ड्रिल मध्ये अणी असलेलं लाकडी ड्रिल असेल तर आधी पाडलेल्या भोकामुळे त्या अणीला धरायला लाकूडच उरत नाही आणि ड्रिल भरकटतं. एकदम सातचंच पाडा, वेग हजारच्या आसपास.

कपची उडते कारण शेवटच्या पातळ थराला मागून आधार नसतो. ठोकळा नळीपेक्षा दहा-बारा मिलिमीटर लांब कापा. नळीच्या लांबीपेक्षा थोडं पुढे जाऊन थांबा, आरपार जाऊच नका. मग लेथवरून काढून बंद टोक करवतीने कापून टाका, भोक आपोआप उघडं पडेल आणि कड स्वच्छ राहील. खोलीसाठी ड्रिलवर चिकटपट्टीचा वेढा पुरतो, इथे ड्रिल फिरत नसल्यामुळे पट्टी उडत नाही. शिसमासारख्या घट्ट लाकडात दर पाच-सहा मिलिमीटरला ड्रिल बाहेर घ्या. भोक तापलं की त्या चिमुकल्या ठोकळ्याला आतून चीर जाते आणि ती दिसते थेट पॉलिश करताना. गरम भोकात नळी चिकटवू नका, तासभर थांबा. लाकूड ओलसर असेल तर त्याहून जास्त थांबा. जुलैत पाडलेलं गोल भोक ऑक्टोबरच्या उन्हात अंडाकृती झालेलं असतं, कारण लाकूड वाढचक्रांच्या दिशेने जास्त आकसतं आणि त्याला काटकोनात कमी. ठोकळे निदान काही आठवडे घरात कोरडे होऊ द्या.

ओढणी खोचून नाही, काढून ठेवून लेथवर उभ्या राहा. लांब मंगळसूत्रही कपड्याच्या आत.

प्रश्न: काका, मी डिप्लोमाला आहे. आईला टेबल लॅम्प करून द्यायचा आहे. दांडा 40 सेंटिमीटरचा आहे, त्यातून वायर कशी न्यायची? माझ्याकडचं सगळ्यात लांब ड्रिल 15 सेंटिमीटरचं आहे. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: अरे, तू लांब ड्रिल आणायला निघाला असशील तर थांब. लॅम्पवाले लांब, अर्धगोल खाचेचं गिरमिट वापरतात. पोकळ टेल सेंटरमधून ते आत घालतात, लाकूड फिरत असतं, अर्ध्यापर्यंत एका टोकाकडून जातात आणि मग जॉब उलटवून दुसरीकडून. दोन्ही भोकं मध्ये भेटतात. पण त्यासाठी टेलस्टॉक आरपार पोकळ लागतो, आणि साध्या लेथचा तो असतोच असं नाही. आधी हातचाकाच्या मधून उजेड दिसतो का बघ.

दिसत नसेल तर भोक पाडूच नकोस. दोन फळ्या घे, दोन्हींच्या आतल्या बाजूला मधोमध आठ मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर खोल खाच काढ, खाचा समोरासमोर येतील अशा चिकटव. चिकटवताना खाचेत मेण लावलेली दोरी घालून ठेव आणि सरस ओला असताना ओढून काढ, म्हणजे आत ओघळलेला सरस निघून येईल. दोन्ही टोकांना त्याच खाचेच्या मापाचे लाकडी बूच मार. सेंटरची टोकं त्यांच्यात रुतवायची आणि मग दांडा कातायचा. आकार झाला की बुचं ड्रिलने काढून टाक. सरस चोवीस तास वाळू दे, त्याआधी लेथवर चढवू नकोस. जोड दिसू नये असं वाटत असेल तर दोन्ही फळ्या एकाच फळीतून काप आणि रेषा जुळव. खाचेच्या कडा घासून घे, वायरचं आवरण सोलता कामा नये. पितळी होल्डर बसवणार असशील तर अर्थिंगसह तीन तारांची वायर घाल.

प्रश्न: जुन्या बाजारात एक भक्कम ड्रिल चक स्वस्तात दिसला. माझ्या लेथला बसेल का? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर: चक नाही, त्याचा दांडा बघा. लाकडी लेथला बहुधा मोर्स एक किंवा मोर्स दोन टेपर असतो. मोर्स एकचं जाड टोक साधारण 12 मिलिमीटर, मोर्स दोनचं पावणेअठरा. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) खिशात घेऊन जा. दांडा मोर्स तीनचा निघाला तर तो घेऊ नका, मापं कमी करणारी बाही मिळते पण ती उलट्या दिशेला, म्हणजे बारीक दांडा मोठ्या भोकात बसवायला. बरेचदा चक आणि दांडा हे वेगळे भाग असतात, त्यांच्यामध्येही एक टेपर किंवा आटे असतात. तेव्हा चक चांगला असेल तर चुकीचा दांडा काढून बोहरी आळीतून योग्य दांडा बसवून घेता येतो. घेण्याआधी जबडे पूर्ण मिटवा. तिन्ही टोकं एकाच वेळी भेटली पाहिजेत. मग त्यात एक सरळ, नवं ड्रिल आवळा आणि हाताने ओढून बघा. घसरलं तर तो चक तिथेच ठेवा, किंमत कितीही कमी केली तरी.